बुडी मारणाऱ्या लेकीचं जॅकेट कसं निवडावं?

आम्ही मुरुडहून बोलतोय. आमच्या बचत गटाकडे कर्ज मागितलं जातं ते शिलाई मशीनसाठी, मासळीच्या धंद्यासाठी, नाहीतर पोरांच्या फीसाठी. या वेळी एका ताईंनी वेगळीच मागणी केली. त्यांची लेक तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकली. आता मालवणच्या समुद्रात पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचं काम तिला मिळतंय. पण भाड्याची जॅकेटं सगळी पुरुषांच्या मापाची. तिला स्वतःचं हवं होतं.

"जॅकेट म्हणजे होडीत घालतात तसलंच ना?" एका काकूंनी विचारलं. तिथूनच आमचं शिक्षण सुरू झालं.

होडीतलं लाइफ जॅकेट वेगळं आणि बुडी मारणाऱ्याचं वेगळं. लाइफ जॅकेटमध्ये फोम असतो. ते सतत तरंगतं आणि डोकं पाण्यावर धरतं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी आमच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणून राजपुरीहून जंजिऱ्याला जाताना लाइफ जॅकेट घालायचं आणि पट्टेही लावायचे, मांडीवर घेऊन बसायचं नाही.

बुडी मारणाऱ्याच्या जॅकेटला बीसीडी म्हणतात. त्यात फोम नसतो, हवेची पिशवी असते. हवा किती भरायची, किती सोडायची हे घालणारी ठरवते. बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर धरेलच असं नाही. म्हणून होडीत लाइफ जॅकेटच्या जागी बीसीडी चालत नाही आणि लाइफ जॅकेट घालून बुडी मारता येत नाही.

मासळी साफ करणाऱ्या बाईला बीसीडी समजायला वेळ लागत नाही. घोळ चिरताना पोटात पांढरा फुगा सापडतो, तो बोत म्हणून महाग विकला जातो. त्या फुग्यातली हवा कमी-जास्त करून मासा हव्या त्या खोलीवर राहतो. मुशीला फुगा नसतो, तिचं काम तेलकट काळजावर भागतं. माणसाकडे दोन्ही नाही, म्हणून त्याला फुगा अंगावर घालावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. वर जी एक लिटर हवा असते, ती दहा मीटर खोलीवर दाबाने अर्धा लिटर होते. त्यामुळे खाली जाताना जॅकेटची हवा आकसते आणि बाई जास्तच वेगाने खाली जायला लागते. तेव्हा बटण दाबून थोडी हवा भरायची. वर येताना उलटं. हवा फुगते, ती सोडली नाही तर माणूस फुग्यासारखा वर फेकला जातो. त्यात श्वास रोखलेला असेल तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणजे या जॅकेटात हवा भरण्याइतकंच, किंबहुना जास्त, हवा सोडणं महत्त्वाचं.

मग निवडताना काय बघायचं?

पहिलं, माप. रंग आणि खिसे नंतर. आत जो सूट घालणार त्यावरच जॅकेट चढवून बघायचं. पट्टे आवळून पूर्ण हवा भरायची. छाती दाबली गेली आणि श्वास अडला तर ते लहान. खांद्याजवळ धरून वर ओढल्यावर कानापर्यंत सरकलं तर ते मोठं. बाईची पाठ आखूड असते, छातीवरून सरळ जाणारा पट्टा टोचतो. बायकांच्या जॅकेटांत हे पट्टे वळणाचे असतात.

दुसरं, उचल. आपल्या कोमट समुद्रात पातळ सूट घालणाऱ्याला साधारण दहा ते पंधरा किलोची उचल पुरते. गंमत म्हणजे हवेलाही वजन असतं! नेहमीच्या भरलेल्या टाकीत सुमारे अडीच किलो हवा असते. एवढ्या ओझ्यासकट जॅकेटने पाण्यावर धरलं पाहिजे. पण मोठी पिशवी म्हणजे चांगली पिशवी असं नाही. पोहताना ती अडते आणि आत हवा अडकून राहते.

तिसरं, घाट. काही जॅकेटांत हवा पाठीला आणि दोन्ही कुशींना असते. पाण्यावर उभं राहून पर्यटकांशी बोलायला ती बरी. काहींत हवा फक्त पाठीला असते. पाण्याखाली आडवं राहायला ती छान, पण पाण्यावर जास्त भरली तर तोंड पुढे झुकतं.

चौथं, हवा सोडायच्या झडपा आणि वजनाचे खिसे. झडपेची दोरी न बघता हाताला लागली पाहिजे. वजनाचे खिसे एका झटक्यात सुटले पाहिजेत.

पाचवं, प्रवास. टाकी आणि शिशाची वजनं कामाच्या ठिकाणीच मिळतात, ती वाहून न्यायची नसतात. पाठीला कडक पत्रा नसलेलं, घडी होणारं दोन-तीन किलोचं जॅकेट एसटीत मांडीवर मावतं. उद्या अंदमानला काम मिळालं तरी विमानात साधारण पंधरा किलोच सामान फुकट नेता येतं.

एवढं ठरेपर्यंत एक जुनं जॅकेट आठ हजारांत मिळत होतं. दिसायला नव्यासारखं. नवं त्याच्या कित्येक पटीत, म्हणून सगळ्यांचा कल जुन्याकडे. पोरगी म्हणाली, "आधी तपासू." तोंडाने फुंकून ते गच्च भरलं आणि वाडीतल्या हौदात बुडवलं. शिवणीतून बारीक बुडबुडे आले. रात्रभर तसंच भरून ठेवलं, सकाळी पापडासारखं चपटं. जुनं घेणाऱ्यांनी ही परीक्षा जरूर करावी. बटणं दहा वेळा दाबून बघावीत. हवेचं बटण मिठाने चिकटलं तर जॅकेट आपोआप भरत राहतं.

हे सगळं ताई गुपचूप ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आणि पाण्याखाली फुगा फुटला तर?"

लेकीने शांतपणे सांगितलं. वजनं टाकून देता येतात. श्वास सोडत, पाय मारत सावकाश वर येता येतं. एकटीने कधी खाली जायचं नाही, जोडीदार हाताच्या अंतरावर असतो. नुसत्या जॅकेटच्या भरवशावर कोणी खाली जात नाही. प्रशिक्षण आधी, जॅकेट मग. ताईंचा चेहरा पूर्ण सैल झाला असं नाही म्हणणार, पण कर्जाच्या अर्जावर त्यांनीच पहिली सही केली.

जॅकेट लहान मापाचं, बायकांचं, नवं घेतलं. गटाने हप्ते ठरवले ते ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र बंद, कमाई बंद, म्हणून हप्ताही बंद. पोरीलाही एक अट घातली. रोज काम संपल्यावर जॅकेट गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायचं, आतलं पाणी काढायचं, थोडी हवा भरून सावलीत वाळवायचं. मीठ किती खातं, हे किनाऱ्यावरच्या बाईला कोणी सांगायला नको.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटापुढे असा अर्ज आला तर "हे आपलं काम नव्हे" म्हणून बाजूला सारू नका. वस्तू समजून घ्या, घालून बघा, हौदात बुडवून बघा. आणि पुढच्या वेळी होडीत बसाल तेव्हा लाइफ जॅकेटचे पट्टे आधी लावा.