बागलाणचा उन्हाळा आणि पक्ष्याचे यकृत

फाल्गुन सरून चैत्र लागला, की आरम आणि मोसम या नद्यांच्या पात्रांतले पाणी आटू लागते, उन्हाळ कांद्याच्या काढणीची घाई होते, आणि बागलाणातल्या सटाण्याच्या परिसरात शेताच्या बांधाशी पत्र्याच्या शेडी उभारून कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्याच्या चिंतेचा काळ सुरू होतो. शेजारच्या मालेगावी पारा ४३-४४ अंशांवर जाणे हे आता नवल राहिलेले नाही. पाच-सहा आठवड्यांत विक्रीच्या वजनाला येणारा मांसल पक्षी बहुधा शेवटच्या आठवड्यातच, म्हणजे त्याच्या खाद्याचा जवळजवळ सारा खर्च होऊन गेल्यावर, उन्हाला बळी पडतो. अशा वेळी पशुखाद्याच्या दुकानांतून ‘लिव्हर टॉनिक’ आणि अमिनो आम्लांची औषधे मोठ्या आशेने नेली जातात. ही आशा कितपत रास्त आहे, हे समजण्यासाठी उन्हात पक्ष्याच्या देहात काय घडते, ते प्रथम पाहिले पाहिजे.

कोंबडीच्या शरीराचे स्वाभाविक तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते, तिच्या अंगावर पिसांचे दाट आच्छादन असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात. त्यामुळे भोवतालची हवा तापू लागली, की चोच उघडून धापा टाकणे एवढाच मोठा उपाय तिच्या हाती उरतो. या धापांनी श्वसनमार्गातील ओलावा उडून उष्णता बाहेर पडते खरी. परंतु त्याबरोबर कर्बवायूही प्रमाणाबाहेर निघून जातो आणि रक्तातील आम्ल-अल्कलीचा समतोल ढळतो. उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे धावते, म्हणून आतड्यांचा रक्तपुरवठा घटतो, त्यांचे नाजूक अस्तर सैल पडते, आणि आतड्यांतील जंतूंची विषे रक्तात शिरून प्रवेशिनी शिरेच्या वाटेने प्रथम यकृताच्याच दारात येऊन थडकतात.

यकृताचे स्थान ओळखण्यासाठी सटाणेकरांना दूर जावे लागत नाही. १८७०-७१ च्या दुष्काळात बागलाणचे मामलेदार यशवंतराव भोसेकर यांनी सरकारी खजिना खुला करून भुकेलेल्या रयतेला जगवले, आणि ‘देवमामलेदार’ म्हणून लोकांनी त्यांना आजतागायत हृदयात ठेवले. देहाच्या राज्यात यकृत हाच तो खजिना आणि तीच ती कचेरी होय: साखरेचा साठा, रक्तातील प्रथिनांची घडण, विषांचा बंदोबस्त आणि पित्ताची निर्मिती ही सारी कामे याच दफ्तराकडे असतात, पक्ष्यांच्या बाबतीत तर शरीरातील मेद घडवण्याचे मुख्य कार्यही यकृताकडेच असते. उन्हाळ्यात या खजिन्याचा खर्च वाढतो आणि त्याच वेळी आवक तुटते, कारण तापलेला पक्षी खाद्याकडे पाठ फिरवतो. उन्हाने मेलेल्या पक्ष्याचे शवविच्छेदन केले असता कित्येकदा फिकट, मेदाने भरलेले, बोटाने दाबताच फुटणारे यकृत दिसते. त्याचे कारण या ताळेबंदात आहे.

पेशी मात्र निमूटपणे हार मानत नाहीत. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या विस्कटू लागल्या, की त्या सावरणारी खास प्रथिने पेशी तयार करतात. या प्रतिसादाचा पहिला मागोवा फेरुच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाने १९६२ साली फळमाशीच्या पेशींत घेतला. प्राणवायूच्या दाहक कणांना शमवण्यासाठी यकृत ग्लुटाथिओन नावाचे द्रव्य बनवते, आणि त्यासाठी ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसिन ही तीन अमिनो आम्ले लागतात. यांतील सिस्टीन मेथिओनिनपासून घडते, आणि १९२१ साली जॉन हॉवर्ड म्युलर यांनी शोधलेले हे मेथिओनिनच मका व सोयापेंडीच्या नेहमीच्या खाद्यात सर्वांत आधी तोकडे पडते. यकृतातील मेद बाहेर वाहून नेण्यासही मेथिओनिन, कोलीन आणि बीटापासून मिळणारे बीटेन यांचा हातभार लागतो. म्हणून उन्हाळ्यात खाद्यात मेथिओनिनची भरती करण्यामागे शास्त्राचा भक्कम आधार आहे.

टॉरिन या द्रव्याची कथाही अशीच आहे. बैलाच्या पित्तातून १८२७ साली ते प्रथम वेगळे केले गेले. पक्ष्यांच्या पित्तक्षारांत ते प्रामुख्याने जोडलेले असते, आणि उष्णतेने त्रस्त झालेल्या कोंबड्यांवरील प्रयोगांत यकृताची हानी कमी करण्याचा गुण त्यात दिसून आला आहे. सिट्रुलिन हे दुसरे द्रव्य १९१४ साली जपानी रसायनज्ञांनी कलिंगडाच्या रसातून मिळवले. २०१७ साली जपानच्याच क्यूशू विद्यापीठातील संशोधकांनी ते कोंबडीच्या पिल्लांना पाजले असता त्यांच्या शरीराचे तापमान उतरल्याचे दाखवून दिले. ही वाट अजून मुख्यतः प्रयोगशाळेतली आहे, तरी तिच्याकडे लक्ष ठेवावे असे तिचे महत्त्व निश्चित आहे.

मात्र येथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. प्रथिने चांगली म्हणून ती उन्हाळ्यात अधिक द्यावीत, असा तर्क सहज केला जातो आणि तो घातक ठरतो. प्रथिनांचे पचन होताना पिष्ट किंवा मेदापेक्षा अधिक उष्णता निर्माण होते. हान्स क्रेब्स यांनी १९३२ साली उलगडलेले युरियाचे चक्र आपल्या यकृतात अखंड चालते. पक्ष्यांत ते पूर्ण नाही. जास्तीचा नत्र त्यांना यकृतात युरिक आम्लात रूपांतरित करूनच बाहेर टाकावा लागतो आणि या कामी बरीच शक्ती खर्ची पडते. म्हणजे ज्या यकृताला आधीच उसंत नाही, त्याच्यावरच नवा बोजा पडतो. म्हणून खाद्यातील एकूण प्रथिने थोडी कमी करून लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन ही जी आम्ले तोकडी पडतात तेवढीच नेमकी भरून काढावीत, ही पशुपोषणशास्त्राची शिफारस आहे. मेथिओनिनचा अतिरेकही अपायकारकच असतो. त्यामुळे खाद्याच्या कारखान्यातच ते पुरेसे मिसळलेले असताना पाण्यातून अंदाजाने आणखी ओतणे हा नुसता अपव्यय नव्हे, धोकाही आहे. मात्रा ठरवण्याचा अधिकार पशुवैद्यकालाच असावा.

आणि कोणतेही औषध सावलीची जागा घेऊ शकत नाही. शेड पूर्व-पश्चिम लांबीची असावी, छताला चुन्याचा पांढरा हात द्यावा, वर पाचट पसरावे, बाजूंना ओली गोणपाटे बांधावीत, आणि त्याबरोबर वारा खेळता राहील याची तजवीज ठेवावी. कोंदट शेडीत नुसता ओलावा वाढला, तर धापांनी होणारा थंडावाही मिळेनासा होतो. उन्हाळ्याच्या लॉटमध्ये पक्षी विरळ ठेवावेत. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खाद्य काढून घ्यावे आणि ऊन उतरल्यावर पुन्हा द्यावे, म्हणजे पचनाची उष्णता आणि दुपारची झळ एकाच वेळी गाठणार नाहीत. एरवी खाद्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिणारा पक्षी कडक उन्हात त्याहून कितीतरी अधिक पितो. तेव्हा पाण्याची टाकी उन्हात तापू देऊ नये आणि नळ्यांतले साचलेले गरम पाणी वरचेवर सोडून द्यावे.

माणसाच्या यकृतालाही उष्माघाताने गंभीर इजा होते, हे कांद्याच्या शेतात आणि डाळिंबाच्या बागेत राबणाऱ्या मजुरांच्या बाबतीत विसरून चालणार नाही. त्यांना पाणी, सावली आणि दुपारची विश्रांती हेच खरे संरक्षण आहे, अमिनो आम्लांची भुकटी नव्हे. शेडीच्या बाबतीतही खर्चाचा क्रम हाच असला पाहिजे: पहिला रुपया छतावर, दुसरा पाण्यावर आणि तिसरा समतोल खाद्यावर खर्च करावा. हे तीनही खर्च ज्याने वेळेवर केले, त्याच्याच शेडीत मेथिओनिनला आपला गुण दाखवता येतो.