स्मृतिवापराचे निदान, डेटाबेस प्रणालींतील

डेटाबेसवर आधारलेली आज्ञावली संगणकाची मुख्य स्मृती म्हणजे रॅम अपेक्षेपेक्षा अधिक व्यापू लागली असता त्यामागील कारण शोधण्याच्या पद्धतीस स्मृतिवापराचे निदान म्हणतात. रुग्णालये, बँका यांसारख्या अखंड चालणाऱ्या सेवांत यास विशेष महत्त्व आहे. लिनक्स परिचालन प्रणालीत स्मृती संपुष्टात आल्यास प्रणालीचा गाभा एखादी प्रक्रिया सक्तीने बंद करतो. ती पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसची असेल, तर सामायिक स्मृती दूषित झाल्याच्या शक्यतेमुळे इतर सर्व जोडण्याही तोडल्या जातात. पुनःस्थापन पूर्ण होईपर्यंत डेटाबेसचे काम थांबते.

अधिक वापर म्हणजे दोष, असे मात्र नाही. लिनक्स रिकामी स्मृती फाइलींच्या प्रती ठेवण्यासाठी वापरते व गरज भासताच बहुतांशी परत देते. म्हणून ‘रिकामी’ स्मृतीपेक्षा ‘उपलब्ध’ स्मृतीचा आकडा पाहणे योग्य ठरते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये प्रत्येक जोडणीस स्वतंत्र प्रक्रिया असते. सामायिक स्मृतीचा वापरलेला भाग प्रत्येक प्रक्रियेच्या आकड्यात पुनःपुन्हा मोजला जात असल्याने सर्वांची बेरीज प्रत्यक्षाहून पुष्कळ मोठी दिसते.

निदानाची पहिली पायरी म्हणजे कालानुसार वापराचा आलेख काढणे. वापर वाढून एका पातळीवर स्थिरावल्यास तो बहुधा राखीव साठा असतो. आलेखात अकस्मात शिखरे दिसल्यास एखाद्या मोठ्या पृच्छेचा संशय घ्यावा. कामाचा भार सारखाच असूनही वापर सतत चढत राहिल्यास स्मृतिगळती संभवते.

पोस्टग्रेसक्यूएलमधील वर्गीकरणासारख्या क्रियांना दिलेली स्मृतिमर्यादा मूलतः ४ मेगाबाइट असते. ही मर्यादा संपूर्ण डेटाबेससाठी नसून प्रत्येक क्रियेसाठी स्वतंत्र असते. ती ६४ मेगाबाइट केली आणि १०० जोडण्यांनी एकाच वेळी प्रत्येकी दोन वर्गीकरणे चालविली, तर १२·५ गिगाबाइटपर्यंत स्मृती लागू शकते.

पुष्कळदा दोष डेटाबेसमध्ये नसून त्याचा उपयोग करणाऱ्या आज्ञावलीत असतो. लक्षावधी ओळींचे उत्तर एकदम मागविल्यास ते सर्व तिच्या स्मृतीत साठते. तसेच वापरून झालेल्या वस्तूंचा संदर्भ एखाद्या यादीत राहिला, तर स्वयंचलित स्मृतिसफाई त्यांना हटवू शकत नाही. अशा वेळी काही अंतराने स्मृतीची दोन चित्रे घेऊन त्यांची तुलना करतात. कोणत्या प्रकारच्या वस्तू वाढल्या व त्या कोणी धरून ठेवल्या आहेत, हे त्यावरून कळते.

उपाय कारणानुसार बदलतात : उत्तर टप्प्याटप्प्याने वाचणे, जोडण्या मर्यादित राखून त्या पुनःपुन्हा वापरणे, साठ्याला कमाल मर्यादा घालणे इत्यादी. गळती कायम असताना केवळ रॅम वाढविल्यास बिघाड टळत नाही. तो लांबणीवर पडतो.