दिवा लावून विझवणारा शेजारी

स्लॅशर चित्रपटांतल्या खुन्यांची तुलना निघाली की चर्चा हत्यारांवर आणि मुखवट्यांवर घसरते. लेदरफेसची करवत, फ्रेडी क्रूगरच्या हातमोज्याची पाती, जेसनचा हॉकीचा मुखवटा, मायकेल मायर्सचा स्वयंपाकघरातला सुरा. हे सगळे कपडेपटाचे सामान झाले. जेसनचेच पाहा. १९८० च्या 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये खुनी तो नाहीच, त्याची आई आहे. दुसऱ्या भागात तो डोक्यावर गोणपाट घालून फिरतो आणि हॉकीचा मुखवटा त्याला मिळतो १९८२ च्या तिसऱ्या भागात. मायकेलचा चेहरा म्हणजे तर 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा मुखवटा, पांढरा रंगवलेला. माझ्या मते 'हॅलोविन'मधला (१९७८) सगळ्यात भयंकर क्षण मायकेलचा नाहीच. जीव मुठीत धरून पळणारी लॉरी शेजारच्या घराचे दार बडवते, मदतीसाठी ओरडते. आत दिवा लागतो, खिडकीची पट्टी जरा हलते आणि दिवा विझतो. दार उघडत नाही. खुनी किती भयानक हे त्याच्या सुऱ्यावर ठरत नाही; त्याच्या आणि आपल्या मध्ये किती माणसे धावून येतील यावर ठरते.

ही मोजपट्टी लावली की बाकीचे आपापल्या जागी बसतात. 'सायको'तल्या (१९६०) नॉर्मन बेट्सचे मोटेल ओस पडले आहे, कारण हमरस्ता दुसरीकडे वळला. बारा खोल्या, बाराही रिकाम्या. लेदरफेसचे घर टेक्सासच्या माळावर, जेसनचे तळे जंगलात. या मंडळींचे काम सोपे आहे, म्हणूनच मला ती दुय्यम वाटतात. वेस क्रेव्हनचा फ्रेडी (१९८४) खरा वरचढ, कारण तो स्वप्नात येतो आणि स्वप्नात कुणी सोबत येऊ शकत नाही. क्रेव्हनने आणखी एक बारीक जागा हेरली आहे. मुलीच्या काळजीने नॅन्सीची आई खिडक्यांना गज बसवून घेते, दाराला कुलूप घालते. खुनी आतच आहे आणि समोरच्या घरातल्या मित्राला वाचवायला नॅन्सीलाच बाहेर पडता येत नाही. गॅलरीलाही ग्रिल ठोकणाऱ्या ठाणे-डोंबिवलीकरांना हा प्रसंग समजावून सांगावा लागू नये.

मराठीत या जातीचा एकच खुनी घरोघरी पोचला, तो तात्या विंचू. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (१९९३) 'चाइल्ड्स प्ले'वर (१९८८) बेतलेला होता. रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकर यांचा तात्या. 'चाइल्ड्स प्ले'तला बाहुला चकी शिकागोच्या फ्लॅटमध्ये, आई कामावर गेलेल्या एकट्या मुलाला गाठतो. 'झपाटलेला'चा नायक लक्ष्या, त्याच्याभोवती मात्र आई, प्रेयसी, हवालदार, इन्स्पेक्टर अशी सतत वर्दळ. एवढ्या माणसांत बाहुल्याचा खुनशीपणा विनोदी होऊन जातो. कोठारे यांना विनोदच करायचा होता, मग हा पुरावा कसा, असे कुणी म्हणेल. पण त्याच चित्रपटाने नव्वदच्या दशकातल्या कितीतरी मुलांची झोप उडवली, ती कुठे? जिथे लक्ष्या खरे सांगतो आणि कुणी ऐकत नाही तिथे. माणसे जवळ असूनही उपयोगाची नसतात, हे मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळते.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप पडद्याबाहेरचा आहे. रामन राघवने साठच्या दशकात मुंबईत खून केले ते भरवस्तीत, फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्यांचे. तिथे भिंत नव्हती, शेजार हाताच्या अंतरावर होता. तरी तो १९६८ मध्ये पकडला जाईपर्यंत मारत राहिला. मग शेजाराचे काय घेऊन बसलात? आक्षेप खरा आहे आणि माझे म्हणणे त्याने दुरुस्त होते: एकटेपणा भिंतींनीच येतो असे नाही. ज्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही ती माणसे गर्दीतही एकटीच असतात. उलट बाजू पुण्याची. जोशी-अभ्यंकर हत्याकांडात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जणांचे बळी गेले. मारेकरी कलामहाविद्यालयातले विद्यार्थी होते आणि त्यांचे मुख्य हत्यार होते नायलॉनची दोरी. मुखवटा नाही, करवत नाही. तरी संध्याकाळनंतर बेल वाजली की पुणेकर दचकू लागले, कारण आक्रित घडले होते ते प्रतिष्ठित वस्तीतल्या बंगल्यांत आणि राहत्या घरांत. चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली, १९८६ मध्ये त्यावर 'माफीचा साक्षीदार' आला. पण पुणेकरांच्या मनातला धसका चित्रपटाने आणलेला नव्हता.

दुसरा आक्षेप वेडाचा. मायकेल इस्पितळातून पळालेला, रामन राघवची फाशी १९८७ मध्ये मानसिक आजारामुळे जन्मठेपेत बदललेली. म्हणजे भीती वेड्याचीच ना? ठाण्याच्या नावाला हा कलंक फुकट चिकटला आहे. १९०१ पासूनच्या मनोरुग्णालयामुळे 'याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा महाराष्ट्रभर चालते, आणि तिथल्या रुग्णांना धोका जगापासून जास्त असतो, जगाला त्यांच्यापासून कमी. 'हॅलोविन'चा डॉक्टर लूमिससुद्धा आजाराची भाषा सोडून मायकेलला निव्वळ दुष्टावा ठरवतो. निदान करायला गेले की राक्षस उरत नाही, हे पटकथाकारांना पक्के ठाऊक असते.

मराठीत अस्सल स्लॅशर का रुजला नाही, याचे उत्तरही मी घरांच्या रचनेत शोधतो. जुन्या डोंबिवलीच्या चाळीत, दिवसभर दार उघडे असलेल्या सामायिक गॅलरीत, किंचाळी फुटली तर खुन्याआधी चार बायका पोचल्या असत्या. त्याच गॅलरीने कुणाचे काही खासगी राहू दिले नाही, हेही खरे. उगाच गहिवरायला नको. आता घोडबंदर रोडचे टॉवर आणि पलावासारखी संकुले पाहा: सेफ्टी डोअर, दाराला भिंग, फाटकावर नोंदवही किंवा मोबाइलवर परवानगी. ऑक्टोबरअखेरीस मुले मुखवटे घालून मजल्यामजल्यावर चॉकलेट मागतात आणि लॉरीने बडवले होते तसले दार त्यांच्यासाठी हसत उघडते. उद्या कुणा मराठी दिग्दर्शकाने इथे खुनी आणला, तर तो येऊरच्या जंगलातून आणू नये. त्याचे नाव फाटकावरच्या वहीत वेळेसकट लिहिलेले असावे, वॉचमनने त्याला लिफ्ट दाखवलेली असावी, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाने भिंगातून पाहून, ओळखीचाच आहे म्हणून, टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवलेला असावा.