पिकअपचे पाटे वाढवण्याआधी हे वाचा



गळीत हंगाम तोंडावर आला की गावोगावच्या गॅरेजपुढे पिकअप गाड्यांची रांग लागते. "मिस्त्री, मागं दोन पाटे टाका, गाडी जरा उचलून द्या," ही मागणी तिथे हमखास ऐकू येते. अलीकडे तरुण मंडळी मोबाईलवर पाहून हे काम घरच्या अंगणातही करू लागली आहेत. उसाचे बेणे, खताची पोती, जनावरांसाठी वाढे, दुधाचे कॅन अशी सगळी ने-आण आता पिकअपवरच होते. तेव्हा पाटे वाढवल्याने नेमके काय मिळते आणि काय जाते, हे प्रत्येक गाडीमालकाने समजून घेणे जरुरीचे आहे.

गाडी उचलते, पण कुठली?

पिकअपच्या मागच्या बाजूला कमानी असतात. एकावर एक पोलादी पाटे रचून कमान बनते. टांग्यालाही अशाच कमानी असत. कमानीचा मध्य यू-बोल्टने ॲक्सलला आवळलेला असतो आणि तिची टोके चासीला अडकवलेली असतात. गाडी उंच करण्याचे तीन मार्ग रूढ आहेत. कमानीत जादा पाटा घालणे, ॲक्सल व कमान यांच्यामध्ये ठोकळा बसवणे, किंवा कमानीच्या मागच्या टोकाचे शॅकल लांब घेणे. शॅकल दोन इंच लांब घेतले तर गाडी साधारण एकच इंच उचलते.

आता महत्त्वाची गोष्ट. या तिन्ही प्रकारांत वर जाते ती चासी आणि हौदा. ॲक्सल आहे तिथेच राहतो. पावसाळ्यात पाणंदीत दोन चाकोऱ्या खोल पडतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. घासणारा भाग असतो मागच्या चाकांच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा. तो ॲक्सलवरच असल्यामुळे पाटे कितीही वाढवले तरी बोटभरही वर जात नाही. तो उचलायचा तर मोठ्या मापाचे टायर लागतात, आणि त्याने गिअरचे व ब्रेकचे गणित बिघडते. म्हणजे चिखलात रुतते म्हणून पाटे वाढवायचे, हा खर्च बहुधा वाया जातो. त्यापेक्षा पाणंदीत चार खेपा मुरूम टाकलेला बरा.

ताकद वाढते का?

सारख्या जाडीचे पाच पाटे असतील आणि सहावा घातला, तर कमान साधारण एक पंचमांशाने कडक होते. पाट्याची जाडी ८ मि.मी. ऐवजी १० मि.मी. घेतली तर तो एक पाटा जवळजवळ दुप्पट कडक होतो. त्यामुळे भरलेली गाडी कमी बसते आणि आपल्याला वाटते, गाडीची ताकद वाढली. पण ॲक्सल, बेअरिंग, टायर, चासी आणि ब्रेक पूर्वीचेच असतात. पाटा वाढवणे म्हणजे अशक्त बैलाला जाड जू घालण्यासारखे आहे. जू मोडणार नाही, बैल मोडेल.

गाडी किती ओझ्याची आहे हे आर.सी. बुकात लिहिलेले असते. भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा करा. जे उरते त्यात माल आणि माणसे दोन्ही आली. युरियाचे पोते ४५ किलोचे धरले तर ३० पोती म्हणजे १,३५० किलो होतात. हंगामात काट्यावर गर्दी नसताना गाडी एकदा रिकामी आणि एकदा नेहमीच्या मालासह तोलून घ्यावी. अंदाजापेक्षा काटा खरा.

दुसरा तोटा असा की कडक कमानीची गाडी रिकामी असताना उसळते. खड्ड्यात चाक जमीन सोडते, आणि जमीन सोडलेल्या चाकाला ब्रेक लागत नाही.

ब्रेकचा न दिसणारा धोका

अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा चासी आणि ॲक्सल यांना जोडलेला असतो. माल भरला की चासी खाली येते, दांडा हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी होतो, म्हणजे मागची चाके घसरत नाहीत.

आता जादा पाट्यांनी चासी वर उचलली. गाडीत दीड टन माल आहे, पण व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामीच आहे! मग मागचा ब्रेक अर्धवट लागतो आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. घाटउतारावर याची किंमत मोजावी लागते. शिवाय उंची वाढल्याने ब्रेकचा रबरी पाइप आणि हँडब्रेकची केबल ताणली जाते, शॉकॲब्सॉर्बर पूर्ण लांबून आपटतो आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून क्रॉस लवकर जातो.

कलंडण्याचा हिशेब

दोन चाकांतील अंतर १४० सें.मी. आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १०० सें.मी. वर धरू. अशी उभी गाडी साधारण ३५ अंशांच्या उतारावर कलंडेल. तीच गाडी १० सें.मी. उंच केली तर साडेबत्तीस अंशांवरच कलंडेल. चालत्या गाडीला वळण आणि खड्डे यांचा झोल लागतो, तेव्हा त्याच्याही कितीतरी आधी. कालव्याच्या भरावावरून जाताना हा फरक थोडा नाही. हौद्यात वाढ्यांवर बसून माणसे आणण्याची सवय तर सर्वस्वी सोडावी.

घरी करण्याजोगे काम

कमान बसली असेल, पाटा तुटला असेल तर कंपनीच्या मूळ मापाचे पाटे घालून गाडी मूळ उंचीवर आणणे, हे मात्र योग्य काम आहे. हत्यारे आणि जाणता जोडीदार असेल तर ते घरीही होते. मात्र पुढील क्रम पाळावा.

१) गाडी सपाट, टणक जागी रिकामी उभी करावी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. हँडब्रेकवर विसंबू नये, कारण तो मागच्या चाकांना लागतो आणि तीच आपण उचलणार असतो.

२) चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवावी.

३) जॅकने उचलल्यावर चासीखाली मजबूत लोखंडी स्टँड द्यावेत. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून कोणीही खाली जाऊ नये. वीट आधी सांगून फुटत नाही. ॲक्सलला वेगळा जॅक द्यावा.

४) कमान सोडवल्यावर सेंटर बोल्ट तसाच खोलू नये. पाटे ताणलेले असतात, ते उसळून तोंडावर येतात. आधी शिकंज्यात घट्ट धरून मग सावकाश सोडावेत.

५) पाटे दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. यू-बोल्ट नवेच घालावेत, कारण जुने ताणलेले असतात. सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलवरील खाचेत बसले याची खात्री करून नट तिरकस क्रमाने, कंपनीने दिलेल्या मापाने आवळावेत.

६) रबरी बुशाचे बोल्ट शेवटी आवळावेत, तेही गाडी चाकांवर उभी असताना. अधांतरी आवळले तर रबर पिळवटून फाटते.

७) ब्रेक पाइप, व्हॉल्व्हचा दांडा आणि दिव्यांचा झोत तपासावा. पहिल्या खेपेनंतर आणि पुन्हा शंभरेक कि.मी. नंतर यू-बोल्ट आवळून घ्यावेत.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आर.सी. बुकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वरच्या दर टनाला दोन हजार रुपये असा दंड कायद्यात आहे. अपघात झालाच तर विमा कंपनी नेमके या बदलावरच बोट ठेवते, हेही विसरू नये.

थोडक्यात, बसलेली कमान सरळ करावी, पण पाटे वाढवून गाडीची कुवत वाढली असे समजू नये. एका खेपेचा माल दोन खेपांत आणला तर डिझेल थोडे जास्त जाईल. पण गाडी आणि माणूस दोन्ही धडपणी घरी येतील.