भेटीचा दाम आणि महिन्याचा मुशाहिरा

रुग्णालयातून घरी परतलेल्या वृद्धाच्या जखमेवर पट्टी बांधावयास, औषधांच्या डझनभर बाटल्यांचा मेळ घालावयास आणि मधुमेही गृहिणीस इन्सुलिनची सुई स्वहस्ते टोचून घेण्यास शिकवावयास अमेरिकेत ज्या परिचारिका स्वतःची मोटार घेऊन घरोघर जातात, त्यांचा मोबदला भेटीगणिक मोजावा की दरमहा ठराविक मुशाहिरा बांधून द्यावा, हा वाद त्या व्यवसायात पुष्कळ काळ चालत आलेला आहे.

भेटीच्या दराचे आकर्षण खरे आहे. लहान मुलांच्या मातेस शाळेच्या वेळा सांभाळून दिवसाला तीनच घरे पत्करता येतात. आणि जिचे रोगी एकाच वस्तीत शेजारी-शेजारी राहतात अशा अनुभवी परिचारिकेच्या पदरात पगारदार मैत्रिणीहून अधिक पैसा पडू शकतो. परंतु समजा, एका भेटीचे 60 डॉलर ठरले. रोग्यापाशी पाऊण तास, रस्त्यावर अर्धा तास, आणि रात्री मुले निजल्यावर संगणकात नोंदी भरण्यात आणखी अर्धा तास, असे पावणेदोन तास धरले, तर तासाला जेमतेम 34 डॉलर पडतात. आणि डॉक्टरांना वारंवार केलेले दूरध्वनी, औषधाच्या दुकानाशी घातलेली हुज्जत, बंद दारावरून माघारी फिरण्यात गेलेली सकाळ यांचा दाम या हिशेबात कोणी धरलेलाच नाही. सेवेच्या आरंभीची पहिली भेट तर याहून भारी. रोगी चालतो कसा, स्नान करतो कसा, औषधे स्वतः घेऊ शकतो काय, अशी ‘ओॲसिस’ नावाची दीर्घ सरकारी प्रश्नावली तिला भरावी लागते, आणि त्यात दोन तास सहज जातात. म्हणून बऱ्याच संस्था या भेटीस दीड-दोन भेटींचे मोल देतात. जेथे ते मिळत नाही तेथे परिचारिका अर्धे काम फुकट करीत असते.

या व्यवहारातील एक विसंगती मला फार खटकते. वृद्धांसाठी 1965 साली कायद्याने स्थापन झालेली मेडिकेअर ही विमायोजना पूर्वी गृहसेवा-संस्थांना भेटींच्या खर्चाबरहुकूम पैसे देत असे, आणि भेटी बेसुमार वाढत गेल्या. 1997 च्या कायद्याने ही रीत मोडण्याचे ठरविले. ऑक्टोबर 2000 पासून रोग्याच्या प्रकृतीनुसार 60 दिवसांच्या सेवेची एकगठ्ठा रक्कम मिळू लागली, आणि जानेवारी 2020 पासून ती मुदत 30 दिवसांची झाली. अगदी थोड्या भेटींची प्रकरणे वगळता सरकारने भेटी मोजून पैसे देणे असे बंद केले. पण कित्येक संस्थांनी आपल्या परिचारिकांना मात्र भेटी मोजूनच पैसे देणे चालू ठेवले. रोगी कमी झाले की त्या महिन्याची तूट संस्थेच्या दफ्तराऐवजी परिचारिकेच्या चुलीवर येते.

पगारात ही तूट येत नाही. मात्र तेथेही सावध राहिले पाहिजे. 1938 च्या श्रमकायद्याने आठवड्याच्या 40 तासांपलीकडील कामास दीडपट वेतन देवविले असले, तरी नोंदणीकृत परिचारिका विद्याव्यवसायी गणली जात असल्याने, तिला पुरेसा बांधलेला पगार अथवा कामागणिक शुल्क मिळत असल्यास, ती या हक्कातून वगळली जाते. मग पाच भेटींच्या जागी सहा आणि सहाच्या जागी सात मागितल्या, तरी पगार तोच राहतो. या अपवादालाही मर्यादा आहे. ओहायओतील एका खटल्यात सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने 2002 साली असा निवाडा दिला की, काही कामास भेटीचा दर आणि काही कामास तासाचा दर असे मिश्रण असेल, तर त्यास शुल्क म्हणता येत नाही, आणि जादा वेळेचा हक्क शाबूत राहतो.

आपल्या आशा सेविकांना हा प्रश्न परका नाही; रुग्णालयात बाळंतपण झालेल्या घरी नवजात अर्भकासाठी 42 दिवसांत सहा भेटी द्यावयाच्या आणि त्या सर्वांचे मिळून 250 रुपये घ्यावयाचे, ही त्यांचीही रीत आहे.

माझे मत पगाराच्या बाजूने आहे, परंतु दिवसाच्या भेटींची कमाल संख्या करारनाम्यात लिहिलेली असेल तरच. महाराष्ट्रातून शिकून तिकडे जाणाऱ्या भगिनींना माझी विनंती एवढीच की, दर किती हे विचारण्यापूर्वी पहिली भेट किती भेटींइतकी धरता, आणि बंद दाराचे काय देता, हे दोन प्रश्न विचारा, व त्यांची उत्तरे लेखी घेतल्याखेरीज सही करू नका.