बारा वर्षांचा सूड, चार तासांचं नाटक

परीक्षा नाही, नोट्स नाहीत, ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ नाही. शेक्सपिअरचं ‘द टेंपेस्ट’ निव्वळ मजेसाठी वाचायला घ्या! सख्ख्या भावानं दगा देऊन हाकललेला आणि एका बेटावर येऊन पडलेला मिलानचा ड्यूक प्रॉस्पेरो, त्याची मुलगी मिरांडा, त्याच्या हुकमात असलेला वायुरूप एरियल आणि ‘हे बेट माझं’ म्हणणारा कॅलिबन. बारा वर्षांनी सगळे शत्रू एकाच जहाजातून बेटाजवळ येतात आणि प्रॉस्पेरो जादूनं वादळ उठवतो.

नाटक सुरू होतं तेच त्या वादळात. त्या शत्रूंमधला राजा आणि सरदार डेकवर लुडबुड करताहेत आणि जहाजाचा सारंग त्यांना खडसावतोय, की लाटांना राजाच्या नावाशी काय देणंघेणं! १ नोव्हेंबर १६११ च्या रात्री हे नाटक व्हाइटहॉल राजवाड्यात झालं ते खुद्द राजा पहिला जेम्स याच्यासमोर.

वादळ खरं होतं का? जवळपास! व्हर्जिनियाला निघालेलं ‘सी व्हेंचर’ जहाज जुलै १६०९ मध्ये वादळात सापडून बर्म्युडाच्या खडकांत अडकून फुटलं. लंडनला वाटलं, सगळे गेले. प्रत्यक्षात जहाजावरचे सुमारे दीडशे लोक सुखरूप किनाऱ्याला लागले होते. त्यांनी तिथेच दोन नवी जहाजं बांधली आणि १६१० च्या मे महिन्यात ती व्हर्जिनियात दाखल झाली. त्यांच्यातल्या विल्यम स्ट्रेचीनं सगळी हकिगत पत्रात लिहिली. हे पत्र छापलं गेलं १६२५ मध्ये, पण शेक्सपिअरनं ते हस्तलिखितातच वाचलं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पत्रात वादळी रात्री डोलकाठीवर आणि दोरखंडांवर खेळणारा एक चमत्कारिक उजेड आहे. नाटकात एरियल फुशारकी मारतो, की मीच ज्वाळा होऊन डोलकाठ्यांवर नाचलो!

घड्याळाकडेही लक्ष ठेवा. बारा वर्षांचा हिशेब प्रॉस्पेरोला दुपारी दोन ते संध्याकाळी सहा एवढ्यात चुकता करायचाय. तेवढ्यात पोरगी प्रेमात पडते, खुनाचे दोन कट शिजतात आणि पंचपक्वान्नांचं मेज डोळ्यांदेखत गायब होतं.

वाचनवेड्यांसाठी खास गोष्ट म्हणजे इथली सगळी ताकद पुस्तकांत आहे. पुस्तकांच्या नादात प्रॉस्पेरोनं राज्य गमावलं आणि पुस्तकांच्याच जोरावर तो बेटाचा धनी झाला. त्याला मारायला निघालेल्या स्टेफॅनो आणि ट्रिंक्युलो या दारुड्यांना कॅलिबन बजावतो, की आधी त्याची पुस्तकं ताब्यात घ्या.

आणि सूड? पाचव्या अंकात शत्रू पुरते हाती आलेत, वेडेपिसे झालेत. तेव्हा एरियल सांगतो, त्यांची अवस्था पाहून तुम्हालाही दया येईल. मी माणूस असतो, तर मलाही आली असती. प्रॉस्पेरो चपापतो. हाडामांसाचा नसलेल्याला एवढं कळतं, मग मी तर यांच्यातलाच एक! तिथेच तो सूड सोडून देतो. मला हा शेक्सपिअरच्या सगळ्या नाटकांतला सर्वांत सुंदर क्षण वाटतो. मोजून पाच-सहा वाक्यांत तो येतो, म्हणून तिथे सावकाश वाचा.

१६६७ मध्ये ड्रायडन आणि डॅव्हनंट यांनी या नाटकाची नवी आवृत्ती काढली. तिच्यात मिरांडाला एक बहीण आणि जोडीला बाईमाणूस कधीच न पाहिलेला एक तरुण! ती इतकी चालली, की मूळ नाटक रंगभूमीवर दीर्घकाळ मागे पडलं.

आता आकाशात बघा. मिरांडा, कॅलिबन, प्रॉस्पेरो, एवढंच काय, दारुडे स्टेफॅनो आणि ट्रिंक्युलोसुद्धा युरेनसचे चंद्र आहेत. नाटक सुरू होण्याआधीच मेलेली चेटकीण सिकोरॅक्स रंगमंचावर एकदाही येत नाही, पण चंद्र तिच्याही नावावर आहे. ब्रिटननं स्वतःच्या रॉकेटनं कक्षेत सोडलेला एकमेव उपग्रह १९७१ चा. त्याचं नाव प्रॉस्पेरो.

सगळ्यांत भारी गोष्ट मात्र दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या, राजकीय कैद्यांच्या तुरुंगातली. सनी वेंकटरत्नम या कैद्यानं शेक्सपिअरच्या समग्र नाटकांच्या ग्रंथाला दिवाळीची, देवादिकांच्या चित्रांची शुभेच्छापत्रं चिकटवली आणि पहारेकऱ्यांना सांगितलं, हा माझा धर्मग्रंथ. मग तो हातोहात फिरला आणि कैद्यांनी आवडत्या ओळींशेजारी सह्या केल्या. मंडेलांनी ‘ज्युलिअस सीझर’ निवडलं. बिली नायर यांनी निवडला कॅलिबन, बेटावरचा आपला हक्क सांगणारा. बेटावरच्या कैद्यानं दुसरं काय निवडावं!

मराठीत हे नाटक एकोणिसाव्या शतकातच आलं. ते आणणारे नीलकंठ जनार्दन कीर्तने म्हणजे ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासातल्या चुका दाखवणारे तेच कीर्तने.

पाच अंक, अवघे नऊ प्रवेश; एका रविवारी सहज होतात. दुसरा प्रवेश लांबलचक आहे. प्रॉस्पेरो पूर्वकथा सांगता सांगता ‘ऐकतेस ना?’ म्हणून मुलीला सारखा टोकतो. तिथे पुस्तक मिटू नका. जमलं तर घरातल्या दोघा-तिघांनी भूमिका वाटून घ्या आणि मोठ्यानं वाचा. दारुड्यांच्या भूमिका घरातल्या सर्वांत खट्याळ माणसांना द्या.