नीमातीची दुपारची बोट

तिकिटाची खिडकी फळी लावून बंद आहे, तरी रांग आहे. सप्टेंबरचं ऊन. कुर्ता पाठीला चिकटलाय आणि सुटायचं नाव घेत नाही. रांगेत माणसं कमी, सामान जास्त: तांदळाचं पोतं, पत्र्याची पेटी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, एक छत्री. मालक सगळे सावलीला. पिशवीचा नंबर कोणी मोडत नाही.

"कब खुलेगा?" मी विचारते.

"नाव आएगा, तब," पुढच्या आजी सांगतात. मेखेला-चादर, तोंडात तामुल-पान, ओठ लालभडक. एवढं बोलून त्या छत्री जराशी माझ्याकडे कलती करतात. माझ्याकडे न बघता.

जोरहाटपासून हा नीमाती घाट चौदाएक किलोमीटरवर. पिंपरीत जन्मलेली जुनी सुमो इथवर आणून सोडते. घाट म्हटलं की वाई-नाशिकच्या माणसाला दगडी पायऱ्या दिसतात. इथे एकही पायरी नाही. वाळूचा घसरडा उतार, बांबूची आणि पत्र्याची दुकानं, खाली मातकट पाणी. पायऱ्या बांधायच्या तरी कुठे? ब्रह्मपुत्रा काठ खाते आणि धक्का मागे सरकतो. त्याच्यामागे दुकानंही सरकतात.

"दो साल पहले उधर था," चहावाली हनुवटीने पाण्याकडे दाखवते. ती दाखवते तिथे भोवरा फिरतोय. तिच्या टपरीला पक्कं असं काही नाहीच. बांबू उपसले, पत्रे उचलले की झालं. लाल चहा कपात ओतते, दूध नाही. शेजारी पुरी आणि घुगनी. माश्या हाकलायला एक लहान मुलगा गामोसा फिरवतोय, त्याचं निम्मं लक्ष मोबाइलवर.

"अकेला?" ती विचारते.

हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. घरी कोण असतं? मग, त्यांनी येऊ कसं दिलं? एकटीने देश हिंडायचा म्हटलं, तर ही उलटतपासणी टाळता येत नाही. टाळूही नये. तिसऱ्या उत्तरानंतर माणसं तुमची जबाबदारी घेऊन टाकतात. चहावाली रांगेतल्या आजींना असमियात काहीतरी सांगते. आजी मान हलवतात. माझं काहीतरी ठरलेलं आहे. काय, ते मला कळत नाही.

भोंगा वाजतो. सावली रिकामी होते. फळी निघते.

पलीकडून आलेली बोट अजून रिकामी व्हायचीये, तोवर मोटारसायकली पुढे घुसतात. काठावरून बोटीच्या टपावर दोन फळ्या टाकलेल्या, रुंदीला वीतभर. एक पोरगा हँडल धरतो, दुसरा मागून रेटतो. चाक फळीच्या कडेला जातं, गाडीवाला ओरडतो, पोरगा हसतो. एकामागून एक गाड्या वर चढतात आणि फडताळातल्या ताटांसारख्या एकमेकींना टेकून उभ्या राहतात. शेवटी एक मोटारही फळ्यांवरून वर येते. बोट एका बाजूला झुकते. माझ्याखेरीज कोणी दचकत नाही.

खालच्या भागात लाकडी बाकं. बुटक्या खिडक्या, पाणी हाताला लागेल इतकं जवळ. डिझेलचा वास. इंजिनाची धडधड थेट दातांत. नारिंगी लाइफ जॅकेटं आहेत. बहुतेकांनी ती बाकावर अंथरलीत. आजींनी मला जागा धरलीये. समोर एक तरुण, मांडीवर फाइल. कसला तरी अर्ज भरायला तो जोरहाटला गेला होता, झेरॉक्सची एक प्रत राहिली म्हणून परवा पुन्हा जायचंय. त्याच्या शेजारी हाताला सलाइनची पट्टी चिकटवलेला माणूस, डोळे मिटून. या बोटीत फिरायला निघालेली मी एकटीच. बाकीच्यांचा हा रस्ता आहे.

पलीकडचं माजुली म्हणजे नदीतलं बेट. २०१६ पासून तो स्वतंत्र जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेत तिथे १ लाख ६७ हजारांहून जास्त माणसं मोजली गेली. पुलाची पायाभरणी २०२१ मध्ये झाली. "पुल होगा," तरुण म्हणतो, आणि फाइल छातीशी धरून खिडकीबाहेर बघतो.

बाहेर नुसतं पाणी. मधेच वाळूचा पट्टा, त्यावर पांढरा काश फुललेला. दूरवर काठाचा एक तुकडा सुटतो. आवाज इथवर येत नाही, फक्त मातीचा धुरळा आणि तपकिरी लाट.

"हमारा घर भी गया," आजी म्हणतात. भाजी महागली म्हणावं त्या सुरात. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपाबद्दल त्यांनी आईकडून ऐकलंय. तो ८.६ तीव्रतेचा होता. डोंगर खचले, गाळ खाली आला, नदीचं पात्र वर उचललं गेलं आणि काठ ढासळायचा वेग वाढला. आजी तो इतिहास घरांत मोजतात. माहेरचं घर, सासरचं घर, मग आताचं. आताचं खांबांवर आहे. पूर आला की खालून जातो.

पाच वाजायला आलेत आणि उजेड पिवळा पडलाय. साडेपाचपर्यंत इथे अंधार गोळा होतो. त्याच घड्याळात कोल्हापुरात अजून तासभर ऊन असतं. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, म्हणून इथली शेवटची बोट दुपारीच सुटते. ती चुकली, तर रात्र अलीकडच्या काठावर.

तासाभराने कमलाबारीचा काठ. बोट टेकायच्या आत वरच्या मोटारसायकली सुरू होतात, धूर खाली उतरतो. सगळे एकदम उठतात. सलाइनच्या पट्टीवाल्याला दोघं धरून नेतात, त्याच्यासाठी गर्दी न सांगता फाकते. वाळूत शेअर गाड्या उभ्या. "गरमूर! कमलाबारी! गरमूर!" मी गरमूरला जायचं ठरवलंय. तिथे स्वस्तात खोली मिळते असं ऐकलंय.

आजी माझी पाठपिशवी एका गाडीच्या टपावर चढवायला लावतात. गाडी गरमूरची नाही. मी तसं सांगते. त्या ड्रायव्हरशी भाड्यावरून घासाघीस करतात, माझं भाडं आपल्याच भाड्यात धरून. मग मला आत ढकलतात, मागून कोंबड्या आत देतात.

"मछली खाता है ना?"

खाते, म्हणते मी.

त्या पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारतात. बाजारात थांब.